चार नद्या दिसतात, पाचवी गुप्त! कोल्हापूरवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ रचायचं, तर वास्तव किती आणि अद्भुत किती?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीच्या संगमावर पंचगंगा सुरू होते, तेव्हा नकाशावर या चार नद्यांवर बोट ठेवता येतं. नाव मात्र पंचगंगा. मग पाचवी कुठे आहे? पाचवी सरस्वती, आणि ती गुप्त आहे असं मानलं जातं.

चार नद्यांचं पाणी मोजता येतं, पाचवीचं येत नाही. तरी कोल्हापुरात आजवर कुणी ‘चौगंगा’ म्हटलेलं नाही.

काल्पनिक जग रचणाऱ्या प्रत्येकाला हाच हिशेब सोडवावा लागतो. किती गोष्टी खऱ्यासारख्या ठेवायच्या आणि किती अद्भुत? कादंबरीत वाचक नाराज झाला तर पुस्तक मिटून ठेवतो. पण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये ऐकणारे समोरच बसलेले असतात. गोष्ट मधेच थांबवून ते विचारतात, “अरे, पण असं कसं?”

या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं, आणि त्यासाठी कोल्हापूर इतकं उपयोगी का आहे, ते समजून घेऊ.

हा खेळ नेमका काय आहे?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिली असेल, तर तळघरात फासे टाकणारी ती मुलं आठवत असतील. तोच हा खेळ. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे जग, हवामान, गावकरी, शत्रू हे सगळं तो सांभाळतो. खेळाडू आपलं पात्र काय करतंय ते सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकतात.

सर्वांत प्रसिद्ध फासा २० बाजूंचा. समजा दोरीवरून दरी ओलांडायला १५ किंवा जास्त आकडा हवा आहे. २० पैकी ६ बाजू उपयोगाच्या, म्हणजे यशाची शक्यता ३० टक्के. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. मग हीच शक्यता ५१ टक्क्यांवर जाते.

ही गोष्ट ज्या जगात घडते त्याला सेटिंग म्हणतात. तिथे राज्य कुणाचं, नाणं कोणतं, जादू चालते का, चालत असेल तर कुणाला येते, हे सगळं सेटिंगमध्ये ठरतं.

वाद जन्मापासूनच आहे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. त्याची मुळं मात्र युद्धखेळांत होती. १९७१ च्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तिकेत मध्ययुगीन सैन्याच्या छोट्या बाहुल्या टेबलावर लढवायचे नियम होते. घोडदळ किती सरकेल, बाण किती लांब जाईल, सगळं मोजूनमापून. त्याच पुस्तिकेच्या शेवटी जादूगार आणि ड्रॅगन यांच्यासाठी एक पुरवणी जोडलेली होती.

म्हणजे आधी मोजपट्टी आली, मग ड्रॅगन आला. त्या दोघांचं भांडण आजही चालू आहे.

पुढे वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळी बाजू घेतली. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये देव आणि मिथकं खरी आहेत, पण घाव डोक्यावर बसला की हातावर, याचाही हिशेब ठेवला जातो. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये १९२० च्या दशकातलं आपलंच जग आहे. तिथे अद्भुत गोष्ट क्वचित दिसते, पण दिसली की पात्राचं मानसिक संतुलन ढळतं आणि त्याचे गुण कमी होतात. अद्भुताची किंमत मोजावी लागते, हे या खेळाने थेट नियमातच लिहिलं.

“ड्रॅगन चालतो, मग हे का नाही?”

खेळाडूंमध्ये वारंवार होणारा वाद असा: एक जण म्हणतो, “चिलखत घालून एवढं पोहता येणार नाही.” दुसरा म्हणतो, “इथे ड्रॅगन उडतोय, ते चालतं का?”

उत्तर सोपं आहे. ड्रॅगन उडतो हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. चिलखत हलकं झाल्याचं मात्र कुणी सांगितलेलं नसतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ मध्ये परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यातला त्यांचा मुद्दा हाच होता की रचलेल्या जगाला स्वतःचे नियम हवेत आणि ते आतून जुळायला हवेत. ते जुळले तर ऐकणारा त्या जगावर विश्वास ठेवतो. एकदा विसंगती दिसली की तो बाहेर फेकला जातो.

थोडक्यात, जे बदललंय असं सांगितलेलं नाही ते आपल्या जगासारखंच आहे, असं लोक धरून चालतात. पाऊस पडला की चिखल होणार, चाललं की पाय दुखणार.

उडता येत असेल, तर पन्हाळा कशाला?

आता कोल्हापूरपासून साधारण २० किलोमीटरवरच्या पन्हाळ्याकडे जाऊ. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळा आहे. इथली प्रत्येक इमारत कुठल्या तरी अडचणीचं उत्तर आहे. वेढा पडला तर खायचं काय? म्हणून गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली अंबरखान्याची धान्यकोठारं. पाणी सुरक्षित कसं ठेवायचं? म्हणून अंधार बाव, इमारतीच्या आत लपवलेली तीन मजली विहीर. शत्रूला आत येऊ कसं द्यायचं नाही? म्हणून तीन दरवाजा.

आता या गडावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम जसेच्या तसे लावून पाहा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘गुडबेरी’ नावाचा अगदी प्राथमिक मंत्र आहे. त्याने दहा फळं तयार होतात आणि एक फळ एका माणसाला दिवसभर पुरतं. नवशिका ड्रुइडसुद्धा तो दिवसातून दोनदा म्हणू शकतो, म्हणजे २० माणसांची सोय झाली. असे ५० जण गडावर असले तर १,००० माणसांना धान्याचा दाणाही नको. अंबरखाना बांधायचं कारणच उरत नाही.

दुसरा मंत्र उडण्याचा. पाचव्या पातळीचा जादूगार १० मिनिटं उडवू शकतो. नियमातल्या साध्या वेगाने तेवढ्यात सुमारे १,८०० मीटर अंतर कापता येतं. मग तटबंदी कुणासाठी?

आता १६६० साल आठवा. सिद्दी जौहरने मार्चपासून पन्हाळ्याला वेढा घातला होता. जुलैच्या भर पावसात, १२ तारखेच्या रात्री शिवाजी महाराज गडावरून निसटले. शत्रूला चकवण्यासाठी शिवा काशीद दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसले आणि त्यांनी प्राण दिले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या साथीदारांनी शत्रू रोखून धरला. विशाळगड साठेक किलोमीटर दूर होता.

ही गोष्ट साडेतीनशे वर्षं अंगावर काटा का आणते? कारण अंतर खरं आहे, पाऊस खरा आहे, खिंड अरुंद आहे आणि माणसं थोडी आहेत. यात एका क्षणात विशाळगडावर पोहोचवणारा मंत्र टाकला, की खिंड लढवायची गरजच संपते. गरज संपली की पराक्रमही संपतो.

म्हणून सेटिंग रचताना प्रत्येक जादूला एक प्रश्न विचारायला हवा: ही जादू इथे शंभर वर्षांपासून असती, तर लोकांनी गड, विहीर, रस्ता आणि बाजार असाच बांधला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर दोनच मार्ग आहेत. जादू दुर्मीळ आणि महाग करा, नाहीतर गडाचा आराखडा बदला. उडणारे शत्रू असतील तर पन्हाळ्याला तटापेक्षा छप्पर जास्त लागेल. असा छप्पर असलेला गडही मजेदार सेटिंग होऊ शकतो, फक्त तो विचार करून झालेला हवा.

मग सगळंच मोजायचं का?

नाही. ही दुसऱ्या टोकाची चूक झाली. प्रत्येक बाण, प्रत्येक भाकरी आणि चपलेची झीज मोजत बसलं, तर खेळाचं चोपडी लिहिणं होतं. वास्तव टिकवायला एक-दोन गोष्टी मोजल्या तरी पुरतं. फक्त त्या योग्य निवडायच्या.

कोल्हापूरकरांना असा एक आकडा तोंडपाठ आहे. पावसाळ्यात शहरात पहिला प्रश्न असतो, “राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?” इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेलं होतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की शहरातल्या सखल भागात आवराआवर सुरू होते. या एका आकड्यावर शाळा, रस्ते, दूध, जनावरं, सगळं ठरतं.

हाच आकडा खेळात आणून पाहा. गोष्ट सुरू होते तेव्हा पाणी ३९ फुटांवर आहे आणि तासाला एक फूट चढतंय. खेळाडूंच्या हातात चार तास आहेत. प्रत्येक मोठं काम एक तास खातं: नाव मिळवणं, म्हाताऱ्यांना हलवणं, गोठ्यातली जनावरं सोडणं, वरच्या गावाला निरोप देणं. कामं सहा आहेत आणि तास चार. कोणती दोन सोडायची?

आता यात एकच अद्भुत गोष्ट टाका. पाणी ४३ फुटांना टेकलं की गुप्त सरस्वतीची वाट उघडते. तिच्यातून पलीकडे जाता येतं, पण जो जातो तो आपल्या एका माणसाचं नाव कायमचं विसरतो. वाट सापडायला फाशावर १५ हवेत. सोबत जाणता नावाडी असेल तर दोन फासे टाकायचे.

इथे टेबलावर शांतता पसरते, कारण निवड अवघड आहे. पुराचं पाणी खरं असल्यामुळे गुप्त नदीचा मोह खरा वाटतो. हीच वाट फुकट मिळाली असती, किंवा कुणी मंत्र म्हणून पूर ओसरवला असता, तर निवडायला काहीच उरलं नसतं.

कोल्हापूरने हे आधी केलंय

पौराणिक गोष्टीला खऱ्याचं शरीर देण्याचा प्रयोग या शहरात शंभर वर्षांपूर्वी झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. गोष्ट महाभारतातली, पण त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य कापावं लागलं. त्याच पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. त्यात देव नव्हता, चमत्कार नव्हता. सावकाराच्या कर्जात जमीन गमावणारा शेतकरी होता. अद्भुत आणि वास्तव ही एकाच कलाकाराची दोन अवजारं होती.

अलीकडचं उदाहरण राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’चं. २०१८ चा हा चित्रपट पाहणाऱ्यांना हस्तर आणि त्याची सोन्याची नाणी विसरता येत नाहीत. पण त्यातल्या अद्भुताचे नियम मोजकेच आहेत: खाली काय आहे, ते कशाला भुलतं, कशाला घाबरतं. बाकी सगळं ओळखीचं आहे. पाऊस, पडका वाडा, पैशांची हाव आणि बदलत चाललेला देश.

आणि अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव? नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस ठरावीक दिवशी मावळतीचे किरण गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोहोचतात. भाविकांसाठी तो विलक्षण क्षण असतो. त्यामागे दिशा, उंची आणि सूर्याचा मार्ग यांचं गणित आहे. वाटेत ढग किंवा एखादी उंच इमारत आली की किरण अडतात. चमत्काराला अडथळा असू शकतो, आणि अडथळा असल्यामुळेच लोक श्वास रोखून बघतात. सेटिंग रचणाऱ्याला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

देव आणि इतिहास पटावर आणायचे का?

इथे खरी जोखीम आहे. १९८० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात इंद्र, अग्नी, विष्णू, लक्ष्मी यांनाही आकडे दिले होते. किती घाव सोसतील, चिलखताचा आकडा किती, वगैरे. ग्रीक देवांच्या शेजारी ही मंडळी बसवली गेली. फरक एवढाच की झ्यूसची पूजा आज फारसं कुणी करत नाही, लक्ष्मीची घराघरांत होते.

ज्याची रोज आरती होते त्याला ‘४०० घाव सोसतो’ असं लिहिलं, की दोन तोटे होतात. श्रद्धा असणाऱ्याला ते खुपतं. आणि खेळाच्या दृष्टीने तो देव उरत नाही, एक मोठा शत्रू होतो. आकडा असला की हरवता येतं.

त्यापेक्षा देव आकड्यांबाहेर ठेवावा आणि त्याच्याभोवतीची माणसं खेळात आणावीत. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचवणारे, गुलालात न्हालेले, पायी आलेले, दुकानं लावणारे. चमत्कार झाला की नाही, यावर त्यांचंच एकमत नसावं. दंतकथाही अशाच वापरता येतात. कोल्हासुराने मरताना या नगरीला आपलं नाव मिळावं असं मागितलं, अशी आख्यायिका आहे. शेवटची इच्छा असलेला असुर हा नुसत्या तलवारीने संपणाऱ्या राक्षसापेक्षा कितीतरी चांगला खलनायक आहे.

इतिहासालाही हेच लागू. शिवाजी महाराजांच्या तोंडी आपली वाक्यं घालण्यापेक्षा खेळाडूंनी त्या रात्री पालखी उचलणाऱ्यांपैकी काही जण व्हावं. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्यामुळे कल्पनेला जागा आहे आणि कुणाचा अवमानही नाही.

‘वास्तव’ म्हणून जात ठेवायची?

भारतीय सेटिंगमध्ये हा प्रश्न टाळता येत नाही. ‘त्या काळी असंच होतं’ म्हणून काही जण विषमता तशीच ठेवतात. गंमत म्हणजे त्याच खेळात जखम एका रात्रीत भरते, तेव्हा ‘त्या काळी असं नव्हतं’ हे कुणाला आठवत नाही. वास्तवाचा आग्रह फक्त दुसऱ्याच्या अपमानापुरता असेल, तर तो आग्रह तपासून पाहायला हवा.

उलट टोकही फसवं आहे. जात, सावकारी, भूक सगळं पुसून टाकलं, तर मराठी नावं असलेलं परदेशी जग उरतं. कोल्हापूरकडे इथेही मार्ग आहे. या खेळांची सुरुवात नेहमी ‘टॅव्हर्न’मध्ये, म्हणजे परदेशी गुत्त्यात होते. अनोळखी माणसं तिथे भेटतात आणि मोहिमेवर निघतात. कोल्हापुरात ही जागा तालमीच्या कट्ट्याची. किंवा गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलची.

गंगाराम कांबळे दलित समाजातले. शिवाशिवीवरून त्यांना मारहाण झाली होती. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. याच शाहूंनी १९०२ मध्ये संस्थानातल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखीव ठेवण्याचा आदेश काढला होता.

अशा हॉटेलात सुरू होणाऱ्या गोष्टीत पहिला चहाच एक निर्णय असतो: आत जाऊन बसायचं की बाहेरून निघून जायचं? अन्याय इथे लपवलेला नाही, आणि तो नुसती सजावट म्हणूनही आलेला नाही. त्याच्याविरुद्ध काही करता येतं.

अर्थात टेबलावरच्या प्रत्येकाला हा विषय खेळात हवा असेलच असं नाही. त्यासाठी अनेक गट पहिल्या खेळाआधी ‘सेशन झिरो’ घेतात आणि काय चालेल, काय नाही हे ठरवतात. काही जण टेबलावर ‘एक्स-कार्ड’ ठेवतात. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग वगळायचा, कारण विचारायचं नाही.

भारतीय उपखंडातून आलेली जगं आता अधिकृत पुस्तकांतही दिसू लागली आहेत. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कथासंग्रहात कोलकात्यात वाढलेल्या लेखिका मिमी मोंडल यांची गोष्ट आहे. मराठी मुलुखाची जागा अजून मोकळी आहे.

स्वतःचं सेटिंग रचायचं असेल तर

१. आधी चार नद्या लिहा. अंतर, ऋतू, अन्न आणि सत्ता या चार गोष्टी खऱ्या जागेवरून घ्या. पन्हाळ्यावर धुकं कधी असतं, गुऱ्हाळं कधी पेटतात, नदी कोणत्या महिन्यात चढते, हे माहीत असेल तर अर्धं जग तयार आहे.

२. मग पाचवी ठरवा. अद्भुत गोष्ट एकच घ्या आणि तिचा नियम एका वाक्यात सांगता येईल असा ठेवा.

३. तिची किंमत लावा. पैसा, वय, आठवण, नातं, काहीही चालेल, पण फुकट नको.

४. एकच आकडा मोजा. पाण्याची पातळी, उरलेलं धान्य किंवा उजाडायला राहिलेले तास. तो सगळ्यांना दिसेल असा टेबलावर लिहून ठेवा.

५. गावकऱ्यांना विचारा. या अद्भुत गोष्टीबद्दल नावाडी काय म्हणतो, पुजारी काय म्हणतो, तालमीतली पोरं काय म्हणतात? तिघांची उत्तरं वेगळी असली की जग खरं वाटू लागतं.

पाचवी नदी चारांच्या संगमावरच मिळते असं लोक मानतात, भलतीकडे नाही. सेटिंगमधल्या अद्भुतालाही तीच जागा द्या: जिथे खरं पाणी वाहतंय, तिथे. मग “अरे, पण असं कसं?” असं कुणी विचारलंच, तर उत्तर देता येईल: “पाणी ४३ फुटांवर आलंय. आता बोल, तू काय करतोस?”